माझे पाच उपास

नगरला कॉलेजात असताना मी आठवड्यातले पाच दिवस उपास करायचे. श्रद्धा बेताचीच होती. ताट समोर आलं की मला भीती वाटायची, आणि उपास म्हटलं की कुणी कारण विचारत नसे. उलट वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी कौतुकानं सांगायच्या, "पोरगी लई देवभोळी हाय!" आणि ही देवभोळी साबुदाणासुद्धा शेजारणीच्या ताटात सारायची.

अजून बारीक व्हावं म्हणून मी सकाळी योगासनांना जाऊ लागले. एकदा एका पायावर उभं राहताना ज्वारीच्या धांड्यासारखी डुलले आणि खालीच बसले. शिकवणाऱ्या बाई जवळ आल्या.

"काल काय जेवलीस?"

"सोमवार होता, बाई."

"आणि परवा?"

"आदितवार. सूर्याचा."

"बरं. आता जेवून आलीस तरच शिकवीन."

मला रडूच आलं. त्या वर्गात डोळे मिटून श्वास घेताना डोक्यातली कटकट तेवढा वेळ थांबायची. ते सुख मला सोडवेना.

संध्याकाळी मावशींपुढे ताट धरलं.

"आगं, आज तुझा मंगळवार न्हाई का?"

"गणपतीला विचारलंय, मावशी."

अर्धी भाकरी खायला मला तासभर लागला. मावशी समोर बसून राहिल्या.

पुढं बाईंनीच डॉक्टरांकडे नेलं, आणि पुरतं सावरायला दोन वर्षं गेली. पण त्या अर्ध्या भाकरीनंतर दुसऱ्याच सकाळी मी वर्गात गेले. तोल पुन्हा गेलाच. बाईंनी मात्र परत पाठवलं नाही.