अख्ख्या नावाचा कप्पा

बायको गेली त्या वर्षी, पोंगलच्या थोडं आधी, गावातल्या एका संस्थेनं फाटकावर पाटी लावली. आमच्या तंजावरच्या मराठी बायकांची गाणी त्यांनी पूर्वी टेपवर घेतली होती. त्या कॅसेटींना आता बुरशी धरत होती. घरचं कुणी येऊन आपल्या माणसाची कॅसेट दाखवील तर तिची नवी प्रत काढणार. बाकीच्या पोंगल झाल्यावर पुसून पुन्हा वापरणार. मी पाटी वाचली आणि मनात म्हटलं, पुसतायत कसल्या, विकल्या असणार.

माझा स्वभावच तसा. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून पात्रांवर नावं कोरण्यात माझा जन्म गेला. छिन्नीवर हातोडी मारत ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर उठवायचं. शाळा जेमतेम झाली. तमिळ अक्षर धंद्यानं हातात बसलं, आणि बाळबोध वडिलांनी पाटीवर गिरवून घेतलं, त्याच्या जोरावर हे लिहितोय. त्या दिवसांत बाजारात सारखं नवं काही यायचं. आधी विजेची पेन्सिल आली, घर्र करून नाव काढणारी. मग प्लास्टिकची कुडमं आली. कुडम म्हणजे कमरेवर घ्यायची घागर. प्लास्टिकच्या घागरीवर कोण कशाला नाव घालील? जे यंत्र आलं त्यानं माझं काही ना काही नेलंच. आता बायकोचा आवाजही यंत्रातच अडकला होता.

आवाज होता हे मला तिच्याच तोंडून कळलेलं. एकदा दुकानातून घरी आलो तर म्हणाली, "टेपवाली बाई आली होती. मी म्हटलं."

"काय म्हटलंस?"

"तुम्हाला काय करायचंय? जेवा."

संपलं. पुन्हा विचारलं नाही. ती गेल्यावर घरात तिचा एक फोटो राहिला, त्यात ती तोंड मिटून उभी आहे.

मी संस्थेत गेलो. संगणकापुढं एक तमिळ मुलगी बसलेली. बाजूला कॅसेटींचं लोखंडी कपाट, त्याला कुलूप, किल्ली साहेबाकडे. कुलूप बघितलं आणि माझा संशय पक्का झाला. मी तमिळमध्ये बायकोचं नाव सांगितलं. तिनं ते संगणकात ठोकलं.

"नाही, ताता," ती म्हणाली. आमच्याकडे म्हाताऱ्याला ताताच म्हणतात.

"नाही म्हणजे? नीट बघ."

"इनिशियल काय?"

मी माझ्या नावाचं पहिलं अक्षर सांगितलं. तमिळ मुलखात आडनाव चालत नाही. लग्नाआधी मुलीच्या नावापुढं बापाचं अक्षर, लग्नानंतर नवऱ्याचं. तिनं ते लावून पुन्हा ठोकलं.

"इल्ले, ताता."

"विकली का?"

"कोण विकत घेणार, ताता?" ती हसली. मला हसू आलं नाही.

"मराठी म्हणून घाल. तंजावर म्हणून घाल. त्यात सापडेल."

"त्यावर शोधता येत नाही." तिनं पडद्यावर बोट फिरवून दाखवलं. एकेका कॅसेटची एक नोंद आणि नोंदीत कप्पे. गाण्याची पहिली ओळ, बाईचं नाव, भाषा, गाव. यंत्रात भरायच्या आधीच प्रत्येक कप्प्याचं ठरवून द्यावं लागतं म्हणे. काही कप्पे नुसते साठवायचे. नोंद उघडली की दिसतील, पण त्यांच्यावरून नोंद सापडणार नाही. काही शोधण्यासाठी ठेवायचे, त्यांची वेगळी सूची बांधली जाते. भाषा आणि गाव हे नुसतं साठवलेलं. शोधायला दोनच, पहिली ओळ आणि नाव. "आजीनं काय म्हटलं, माहितीय?" मुलीनं विचारलं.

मला काय माहीत? जेवा म्हणाली, जेवलो.

"मग नाव. पण नावाचा कप्पा अख्खा ठेवलाय. इनिशियलसकट सगळं जुळलं तरच येणार."

"मग तोड की. इनिशियल वेगळं, नाव वेगळं."

"पहिली ओळ तशी तोडलेलीच आहे, एकेक शब्द सुटा. नाव तोडायचं तर सगळी सूची परत बांधायला लागेल. साहेब नको म्हणतात. म्हणतात, तोडलं तर एकाच नावाच्या ढीगभर बाया येतील."

हे ऐकून मला राग आला, कारण ते खोटं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत साऱ्या आळीची भांडी एकत्र घासली जातात. नुसत्या नावावर कुणाचं कुडम कुणाच्या घरी जाईल सांगता येत नाही. इनिशियल नसेल तर मी छिन्नी उचलतच नसे. तरी मी म्हणालो, "वहीत बघू. टेपवाल्या बाईनं काही लिहिलं असेल की."

"ती वाळवीनं खाल्ली. म्हणून तर संगणकात घातलं."

वाळवी! सगळ्या सरकारी आणि बिनसरकारी भानगडींत वाळवीच कशी पोट भरते? मी तिला तोंडावर म्हटलं, "पोरी, तुम्ही ती पुसलीत. सरळ सांग."

तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "पोंगलपर्यंत पुसत नाहीत, ताता. घरी जाऊन आठवा. आजीनं स्वतःचं नाव कसं सांगितलं असेल?"

घरी आलो. नळाला पाणी आलेलं. पितळेचं कुडम खाली लावलं आणि ते भरेपर्यंत बघत बसलो. तिच्या लग्नातलं कुडम. गळ्याखाली तिचं नाव आणि त्यापुढं तिच्या बापाचं अक्षर. कुणा दुसऱ्याच्या हातची छिन्नी, ठिपके दाटीवाटीचे. आजवर शेकडो वेळा हातातून गेलेलं. पाणी वरून सांडायला लागलं तेव्हा डोक्यात आलं.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. माझी त्यात भलतीच कडक. नाव तर नाहीच, पहिलं अक्षरसुद्धा नाही. ते अक्षर येतं म्हणून मोठ्या देवळाच्या गोपुरालाही ती "ते उंच" म्हणायची. मी चिडवायचो, "ते उंच पडलं तर काय ओरडशील?" म्हणायची, "पळा म्हणेन. गोपुराचं नाव घ्यायला कशाला थांबू?" आणि लगेच जीभ चावायची. अशा बाईला टेपवालीनं इनिशियल विचारलं असणार. ती काय सांगणार? कुडमावर आहे तेच.

सकाळी संस्था उघडायच्या आत मी पायरीवर. मुलीला बापाचं अक्षर सांगितलं. तिनं ठोकलं. पडद्यावर एकच ओळ आली. नाव, तंजावर, मराठी, आणि कॅसेटचा आकडा.

"आली, ताता!"

"नोंद आली. कॅसेटीत तीच आहे कशावरून?"

तिनं कपाळाला हात लावला, साहेबाकडून किल्ली आणली, कॅसेट काढून लावली. बराच वेळ खरखर. पुसलीच, मी म्हणालो. तिनं बोटानं गप्प केलं.

मग माझ्या बायकोचा आवाज. गाणं नव्हे. संशयच.

"हे यंत्र कुणाला सांगणार नाही ना?"

टेपवाली हसली असावी. "नाही हो. उखाणा घ्या."

"आत गेलेलं बाहेर कसं येतं ते मला काय ठाऊक? बरं, दार लावा आधी."

दार लागल्याचा आवाज. मग खाकरून, एका दमात:

"पितळेच्या कुडमावर ठिपक्या-ठिपक्यांची जाई, …रावांचं नाव घेते, सांगू नका कुणाला बाई."

जिथं मी ठिपके दिलेत तिथं तिनं माझं नाव घेतलं. लग्नाच्या मांडवात घेतलं होतं, तेव्हा वाजंत्र्यात मला ऐकूच आलं नव्हतं. मी मुलीला म्हटलं, पुन्हा लाव. तिनं लावलं. तिसऱ्यांदा मी न सांगताच लावलं.

नवी प्रत काढायच्या अर्जावर मी सही केली. ती नोंद नीट करायला बसली. "पहिली ओळ रिकामीच राहिलीय, ताता. उखाणा सांगा, लिहून घालते. मग त्यातल्या कुठल्याही शब्दावर सापडेल."

"कुठल्याही?"

"हो. तुमच्या नावावरसुद्धा."

"आत्ता माझं नाव ठोकलंस तर?"

तिनं ठोकून दाखवलं. काही आलं नाही. "आवाजातलं यंत्राला कळत नाही. ते नुसतं साठवलेलं असतं."

"मग राहू दे तसंच."

"पुढं आजीच्या बापाचं अक्षर ठाऊक नसलेल्याला सापडणार नाही हं, ताता."

"तिनं दार लावून सांगितलंय," मी म्हटलं. "ठेवा. शोधायला देऊ नका."

मुलीनं तो कप्पा रिकामा सोडला. खरंच सोडला ना, हे मी खुर्चीमागं उभं राहून बघितलं.