डागाची बाजू

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर सासूबाईंचा राणीछाप चांदीचा रुपया आहे आणि माझी मान वर होत नाही. दर दिवाळीला चिंचेने घासून त्यावरचे सालाचे आकडे पार पुसले गेले होते. गेल्या आठवड्यात, रुपया खरा की खोटा हे साल वाचून कळावं म्हणून, मी त्या जागी ॲसिडचा थेंब टाकला. आकडे अंधुक उमटले आणि भोवती काळा डाग पडला. जुन्या नाण्यांच्या जाणकाराने भिंगातून पाहून सांगितलं, "अस्सल आहे. पण हा डाग आता जायचा नाही."

ज्याला या घरातल्या बायका इतकी वर्षं हळदकुंकू वाहत आल्या, त्याचा खरेपणा मला पारखून हवा होता! ते आकडे झिजले होते त्यांच्याच बोटांनी. घरात तेवढीच त्यांची खूण उरली होती, आणि मी नेमकं तिच्यावरच ॲसिड ओतलं.

सकाळी सासूबाईंनी नेहमीसारखी चिंच लावली, डाग घासून पाहिला. मग स्वतःच रुपया पाटावर मांडला.

आता शेजारच्या काकू पाटाकडे वाकून विचारताहेत, "दरवर्षी सालाची बाजू वर असते ना? यंदा राणीचा चेहरा कसा?"

माझ्याकडे न बघता सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात असाच ठेवतात."