हकीमचाचांचं 'माहीत न्हाई'

उदगीरच्या हकीमचाचांकडे जायचं म्हटलं की आम्ही पोरं कुठंतरी लपून बसायचो. औषध कडू असायचंच, पण त्याआधीचे प्रश्न जीव घ्यायचे. "पोट दुखतंय" म्हटलं की "पोटच दुखतंय, हे कशावरून?" असं सुरू व्हायचं आणि शेवटी चोरून खाल्लेल्या कैऱ्यांपासून गणिताच्या पेपरापर्यंत सगळं बाहेर पडायचं. ही सुकरातची रीत, असं ते सांगायचे.

युनानी, म्हणजे ग्रीकांकडून आलेली, वैद्यकी शिकलेल्या चाचांना ते जुने ग्रीक लोक घरचेच वाटत. खादाड माणसाला ते अरस्तूचं 'ना जास्त, ना कमी' ऐकवत. अफवा घेऊन येणाऱ्याला अफलातूनच्या गुहेतल्या माणसांची गोष्ट, जी भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं मानतात. कॉलेजात सॉक्रेटिस शिकायला आला तेव्हा मला कळलं, हा तर आमच्या चाचांचा सुकरात; अफलातून म्हणजे प्लेटो आणि अरस्तू म्हणजे ॲरिस्टॉटल.

मग वडिलांचा आवाज बसला. दोन महिने झाले तरी सुटेना. मीच त्यांना ओढत चाचांकडे नेलं.

"मोंढ्यातल्या धान्याची धूळ हाय, हकीमसाब," वडील म्हणाले.

"कशावरून?"

"समद्यांनाच व्हायलंय."

"समद्यांचा आवाज दोन दोन महिने बसतो का?"

चाचांनी त्यांची मान चाचपली, गिळताना काय होतं ते विचारलं आणि म्हणाले, "मला माहीत न्हाई."

या माणसाच्या तोंडून हे मी कधीच ऐकलं नव्हतं.

"एखादी पुडी तरी द्या," वडील म्हणाले.

"न्हाई देणार. आपल्याला काय कळत न्हाई, ते कळावं, हेच सुकरातनं शिकवलं. उद्याच लातूरला जा."

लातूरच्या दवाखान्यात रिपोर्टची वाट बघताना मला चाचांचा भयंकर राग आला. खोटी का होईना, पुडी द्यायला काय झालं होतं? रिपोर्ट कॅन्सरचा आला. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं, पण वडील राहिले.

मी पेढे घेऊन गेले तेव्हा चाचा म्हणाले, "लई भ्यालो होतो, बेटा. मी पुडी न्हाई दिली, तर तुझा बाप दुसऱ्याकडून घेईल आन घरी बसंल, असं वाटायचं. चार दिवस घास उतरला न्हाई."

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. त्यांच्या घरासमोर जमलेले लोक एकेक आठवण सांगत होते. वडिलांनीही बोलायला तोंड उघडलं. आवाज नाही, हे क्षणभर विसरले असावेत. मग त्यांनी चाचांच्या मुलाचा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला.