समोरच्या शेतातला अडुळसा

"सुधा गेली गं, लता..." सकाळीच भाऊजींचा फोन आला. त्याला महिना उलटला, तरी माझ्या थोरल्या बहिणीबद्दल 'होती' असं लिहिताना हात अडतो.

भाऊजी केंद्र सरकारच्या नोकरीत होते. क्वार्टर सोडून त्यांनी गाझियाबादच्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला, तेव्हा तिकडे रस्तेही धड झाले नव्हते. त्याच हिवाळ्यात ताईचं बाळ जन्मलं आणि काही दिवसांतच गेलं. मी पुण्याहून सोबतीला गेले. ताई जेवायची, कपड्यांच्या घड्या करायची. पण बोलायची नाही, रडायचीही नाही. ऑफिसला निघताना भाऊजी दाराशी घुटमळायचे, माझ्याकडे बघायचे आणि निघून जायचे.

इमारतीसमोर बिल्डरनं घेऊन तसंच टाकलेलं शेत होतं. ना नांगर, ना कापणी... कंबरेएवढं गवत, आणि त्यातून पसरत चाललेली हिरवीगार झुडपं. "जंगली झाड़ी है, कटवा दो," शेजारीण म्हणायची. थंडी ओसरताना ती झुडपं पांढरी फुलली. एका दुपारी गॅलरीतून ताई म्हणाली, "ते काय गं फुललंय?"

"कण्हेर असेल," मी ठोकून दिलं.

"कण्हेर अशी असते होय? चल, बघू."

शाल न घेताच ती जिना उतरली. गवत सारत आत शिरली, लांबट पान चुरगाळून नाकाशी नेलं, पाकळीवरच्या जांभळ्या रेषा निरखल्या. मग एक फूल खुडून देठाकडून चोखलं. "गोड आहे! अगं, अडुळसा... आपल्या परसातला!" ती हसली, आणि तिथेच मटकन बसली. "बाळाला काहीच दाखवता आलं नाही गं मला..." म्हणत जी रडायला लागली, ती थांबेचना. मी तिला धरून बसून राहिले. ती सावरली असं नाही म्हणणार. बोलायला मात्र लागली. दुसरं मूल झालं नाही. शेतावर पुढे टॉवर उठले.

तेराव्यानंतर मी भाऊजींपाशी राहिले होते. सकाळी मला खोकल्याची उबळ आली. ते खाली गेले. ताईनं शेतातली एक फांदी आणून कुंपणाशी रुजवली होती, तिची ओंजळभर पानं घेऊन आले. गॅसवर पाणी ठेवलं आणि तसेच उभे राहिले.

"सुधा किती पानं घालायची गं? इतकी वर्षं काढा नुसता प्यायलो... कधी विचारलंच नाही."

पाणी उकळत राहिलं. मलाही माहीत नव्हतं.