कच्ची पोपटी

माझ्या नवऱ्याला सुचलेली एकही कल्पना आजवर धड कामाची निघालेली नाही. कुकरमध्ये पोपटी लावायची, ही त्यातली सगळ्यात वाईट. पण तिच्याबद्दल मी त्याला आता काही बोलत नाही.

आई गेल्यावर बाबा पेणजवळच्या गावी एकटेच राहत होते. गुडघ्याने दगा दिला तेव्हा मी त्यांना जवळजवळ उचलूनच रोह्याला, आमच्या फ्लॅटवर आणलं. लेकीच्या घरी चार दिवस राहावं आणि मान आहे तोवर उठावं, हा त्यांचा कायदा. कपड्यांची पिशवी त्यांनी दाराशीच ठेवली. धुतलेला सदरा घडी होऊन परत त्यातच जायचा. "गुडघा वाकला की मी चाललो," एवढंच बोलायचे. तिथे रात्री-अपरात्री पडले तर पाणी द्यायलाही कुणी नाही, या धास्तीने मला झोप लागेना. राहा म्हटलं की ते पिशवीकडे बघत. मग मी भांडायचे आणि ते आणखी गप्प व्हायचे.

थंडीत गावाहून वालाच्या शेंगांची गोण आली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, ओवा, मीठ. तोंड पाल्यानेच बंद करायचं, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढ्या-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही. ही आमची पोपटी. पण या गुडघ्याने बाबा शेतात कसले जातात! नवरा शिफ्टवरून आला आणि म्हणाला, "कुकर आहे की."

पाण्याशिवाय कुकर! शिट्टी झालीच नाही, रबर मात्र जळलं आणि घरभर वास सुटला. मी नवऱ्यावर तोंडसुख घेत होते, तेवढ्यात बाबा हसायला लागले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"जावयबापू, येडेपणा करायचा तं नीट तरी करा," म्हणाले, आणि कठडा धरत धरत गच्चीवर गेले. तिथे आमच्या बिघडलेल्या वॉशिंग मशीनचा भोकाभोकांचा ड्रम भंगारवाल्याची वाट बघत पडला होता. बाबांनी त्यात मडकं उपडं घातलं आणि जाळ केला. धूर बघून सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. सगळे नियम त्यांनी म्हणून दाखवले आणि मग ताटली घेऊन बसले.

पोपटी निम्मी करपली, निम्मी कच्ची राहिली. बाबांनी शेंग सोलून बघितली. "ड्रमात वारा खालून घुसतोय," म्हणाले. "ही जमल्याबिगर मी काय जात नाय."

देवापुढे साखर ठेवावी, इतका आनंद मला कच्च्या वालाचा झाला.

मग दर रविवारी गच्चीवर प्रयोग. वारा अडवायला ड्रमाच्या बुडाभोवती विटा लावल्या. शेजारच्या अष्टमी गावाहून दुसरं मडकं आणलं. बिल्डिंगमधला प्रत्येक जण अक्कल शिकवायला लागला: कुणी म्हणे ओलं पोतं गुंडाळा, कुणी म्हणे ड्रमावर पत्रा टाका. जितकी कल्पना अचाट, तितकी बाबांना पसंत. जिने चढून-उतरून गुडघा कधी वाकायला लागला, ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी गप्प बसले.

मोसमातल्या शेवटच्या शेंगांच्या रविवारी मडक्यावर पाणी शिंपडलं तर चर्र आवाज झाला, म्हणजे पोपटी शिजली. मडकं फोडल्यावर ओव्याचा वास गच्चीभर पसरला. सगळे खाली मान घालून खात होते. पोपटी जमली की असंच होतं.

मला दाराशी ठेवलेली पिशवी आठवली. दाणा तोंडात टाकला. लोण्यासारखा मऊ.

"बाबा," मी म्हटलं, "कच्ची राहिली."

नवरा प्रामाणिक माणूस. त्याने बोलायला तोंड उघडलं, तसा मी त्याच्या पायावर पाय दिला.

बाबांनी एक शेंग सोलली. सावकाश चावली. माझ्याकडे बघत राहिले.

"व्हय गो," म्हणाले. "कच्चीच हाय. आता पुढल्या थंडीला बघू."