सहा यंत्रांचा एक रेकॉर्डर

सुरतच्या ज्या डाइंग मिलमध्ये मी मीटर-गेजचं काम पाहायचो, तिथे नव्वदच्या दशकात शेठनी तापमानाची नोंद ठेवणारा रेकॉर्डर घ्यायचं ठरवलं आणि निवड माझ्यावर सोपवली. डिप्लोमा झालेला मी एकटाच, त्यामुळे डोक्यात हवा गेलेली. पॉलिस्टर रंगवायची आमची सहा यंत्रं होती. एक तर प्रत्येकाला वेगळा पेनचा रेकॉर्डर घ्यायचा, जो अखंड रेघ ओढतो. नाही तर सहांना मिळून एकच, जो पाळीपाळीनं एकेका यंत्राचा रंगीत ठिपका उमटवतो.

तीन नंबरच्या यंत्रावर मामा होते. सख्खे नव्हेत, आईच्या गावचे. खानदेशातून मला त्यांनीच आणलं, सुरतेतच नवागाम वस्तीतल्या आपल्या एका खोलीत दोन वर्षं ठेवून घेतलं, या मिलमध्ये चिकटवलं. कंपनीचा माणूस माहिती देत असताना ते मध्येच म्हणाले, "पेनवाला ले, भाचा. वाफ एकदम चढस. ठिपकास्मा ती सापडस का?"

परक्या माणसासमोर ते माझ्याशी अहिराणीत बोलले, याचाच मला राग आला. मी ठिपक्यांचा घेतला, कारण तो माझ्या केबिनमध्ये, माझ्या टेबलासमोर बसणार होता. वर कागद कमी लागावा म्हणून ठिपक्यांमधला वेळही वाढवून ठेवला. केवढा शहाणा!

दोन महिन्यांनी तीन नंबरचा माल डागाळून निघाला. मामा सांगत होते की वाफेचा व्हॉल्व्ह अडकला, तापमान उसळलं, मग त्यांनी तो हातानं बंद केला. शेठनी कागद मागवला. त्यावर ठिपके अगदी शिस्तीत चढत गेलेले.

"कागळ खोटुं ना बोले," शेठ म्हणाले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग ना शेठले."

दोन ठिपक्यांच्या मध्ये काहीही घडून जाऊ शकतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण मग माझी निवड चुकली हेही कबूल करावं लागलं असतं. मी गुजरातीत सांगितलं की रेकॉर्डर बरोबर चालतो. ते खोटं नव्हतं, आणि त्याचीच मला आजही जास्त लाज वाटते.

मामांना त्याच दिवशी काढलं. नंतर मी गुपचूप ठिपक्यांमधला वेळ कमी केला. चार दिवसांत तीन नंबरची उसळी कागदावर लख्ख उमटली. मी व्हॉल्व्ह बदलून घेतला, कागदाचा तेवढा तुकडा फाडून खिशात घातला आणि शेठना काही बोललो नाही.

मामा पुढे एका लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात लागले. दिवाळीला त्यांच्याकडे फराळाला गेलो. ते चिडलेले असते तर बरं झालं असतं. आपले हात उलटसुलट करून पाहत त्यांनी हळूच विचारलं, "भाचा, व्हॉल्व्हवर मनाच हात चुकना व्हई का रे?"

तोंडातला चिवडा गिळून मी म्हणालो, "होतं असं कधीकधी, मामा."