तापलेली तार

मारेगावच्या मोटारस्टँडमागचा तो मिस्त्री माणसांपेक्षा गाड्यांशीच जास्त बोलायचा. “काहून रुसली वं?” म्हणत बॉनेटला कान लावायचा. मला तो विक्षिप्तच वाटायचा.

थंडीतल्या एका सकाळी त्याच स्टँडवर माझी बायको जुन्या डिझेल ट्रकमध्ये बाळंतपणाच्या कळांनी तळमळत होती. वणीचा दवाखाना गाठायचा होता आणि ट्रक सुरूच होईना. स्टार्टर नुसता कण्हत होता. मिस्त्रीनं बॅटरी चाचपली. एका तारेचं टोक गंजून सैल झालं होतं.

“नवं बसवायले वेळ नाही, गुर्जी.”

त्यानं टोक खरवडलं, तळहातानं बॅटरीवर दाबून धरलं आणि ड्रायव्हरला ओरडला, “मार!” तार तापली. कातडी जळल्याचा वास आला.

“सोडा!” मी किंचाळलो.

त्यानं दात आवळले, पण हात काढला नाही. अखेर इंजिन धडधडलं.

“आता बंद नका करू. जा!”

दुपारी मुलगी झाली. संध्याकाळी तो सायकलनं दवाखान्यात आला. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

“बाई बरी हाये ना?”

मी मुलगी त्याच्यापुढे केली. तो मागे सरकला.

“मले नका देऊ, गुर्जी. हा हात मिटतच नाही. तुमीच धरा, मी पायतो.”